पहिला साप कुणी मारला? कोलटकरांचं 'सर्प सत्र', आपलं महाभारत आणि आमच्या शेताचा बांध

(या भागात जे बोललो ते इथे लिहून ठेवलंय. मधले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर खिडकीशी जागा मिळाली असेल अशी आशा करतो. घरी असाल तर भाजी निवडता निवडता ऐकलं तरी चालेल.

आजचा भाग कवितेवर आहे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! मलाही कवितेतलं फार कळतं अशातला भाग नाही. मी कोडिंग करणारा माणूस. बारावीनंतर मराठीचं पुस्तक मिटलं, बीटेक केलं, नोकरीला लागलो. त्यामुळे मी आज समीक्षा करणार नाहीये. एका कवितेनं मला यंदा एक अर्ज लिहिता लिहिता थांबवलं, ती गोष्ट सांगणार आहे. त्या गोष्टीत महाभारत येईल, आपलं पैठण आणि वेरूळ येईल, आणि आमच्या शेताचा बांधही येईल.

बांधापासूनच सुरू करू.

आमचं गाव खुलताबाद तालुक्यात. पणजोबांची जमीन दोन मुलांत वाटली गेली. एक माझे आजोबा, दुसरे त्यांचे धाकटे भाऊ. मध्ये एक बांध, बांधावर एक लिंब. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, कारण तुमच्याही गावात हेच झालं असणार. आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलंय की 'त्यांनी लिंब तोडला, तिथून सगळं सुरू झालं.' चुलत घरात विचारलं तर सांगतात, 'यांनी आधी बांध कोरला, दर पेरणीला एकेक तास सरकत आले, म्हणून लिंब तोडावा लागला.' मग भांडण, मग तहसील, मग कोर्टाच्या तारखा. आजोबा गेले, त्यांचे भाऊही गेले. भांडण मात्र वारसाहक्कानं सातबाऱ्यासारखं खाली आलं. माझा चुलतभाऊ आणि मी एका वर्गात, एका बाकावर बसायचो. तो आता पुण्यात आहे. सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. एकमेकांचे स्टेटस मात्र रोज बघतो.

या जूनमध्ये आमची पाइपलाइन कुणीतरी फोडली. 'कुणीतरी' म्हणजे कोण, यावर घरात कुणालाच शंका नव्हती. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलं की पोलिसांत अर्ज द्यायचा. काका मला म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस, नीट ड्राफ्ट कर. सुरुवातीपासून सगळं लिही."

मी लॅपटॉप उघडला. वर लिहिलं, 'विषय'. खाली लिहिलं, 'पार्श्वभूमी'. आणि अडकलो. सुरुवातीपासून म्हणजे कुठपासून? लिंबापासून लिहिलं तर ते गुन्हेगार. बांधापासून लिहिलं तर आपण. पहिली तारीख कोणती टाकायची यावर सगळा अर्ज उभा होता.

त्याच आठवड्यात मी अरुण कोलटकरांचं 'सर्प सत्र' वाचत होतो. ठरवून नाही. एका मित्राकडे पुस्तक दिसलं, पातळ आहे म्हणून उचललं. आता या पुस्तकाबद्दल बोलू.

कोलटकर म्हणजे आधुनिक मराठी कवितेतलं मोठं नाव. जन्म कोल्हापूरचा. आयुष्य मुंबईत गेलं. जाहिरात क्षेत्रात ग्राफिक डिझाइनचं काम करायचे. मराठीत लिहायचे आणि इंग्रजीतही. 'जेजुरी' या इंग्रजी कवितासंग्रहाला १९७७ साली राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्यानंतर बरीच वर्षं पुस्तकच नाही म्हणावं इतकं कमी छापलं. आणि मग अगदी शेवटी, दोन-तीन वर्षांत, रांगेनं पुस्तकं आली. २००३ साली मराठीत 'भिजकी वही'. २००४ साली इंग्रजीत 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्प सत्र'. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मागे, २००५ साली.

'भिजकी वही' कशानं भिजलीय? बायकांच्या डोळ्यांतल्या पाण्यानं. इजिप्तच्या पुराणातली इसिस, अलेक्झांड्रियाची हायपेशिया, रशियन कवीची बायको नादेझ्दा मांडेलस्टाम, अशा जगभरच्या आणि सगळ्या काळांतल्या बायका त्यात आहेत. सर्पसत्राचा विषय त्या मराठी वहीतही आहे. म्हणजे हा विषय कोलटकरांनी दोन्ही भाषांत लिहिला. एवढं काय होतं त्यात?

त्यासाठी आधी महाभारताची सुरुवात आठवू. आपल्याला महाभारत म्हटलं की टीव्हीवरचं आठवतं. शंख, रथ, 'मैं समय हूँ'. पण मूळ ग्रंथ युद्धापासून सुरू होत नाही. शंतनूपासूनही होत नाही. नैमिषारण्यात शौनक ऋषींचं बारा वर्षांचं सत्र चाललंय. तिथे उग्रश्रवा नावाचा सूत येतो. सूत म्हणजे गोष्टी सांगणारा. ऋषी विचारतात, कुठून आलास? तो सांगतो, जनमेजय राजाच्या सर्पसत्राला जाऊन आलो. तिथे वैशंपायनांनी राजाला एक गोष्ट सांगितली, ती मी ऐकली. ती गोष्ट म्हणजे महाभारत. आणि वैशंपायनांना ती कुणी शिकवली? व्यासांनी. व्यास कुठे होते? त्याच मांडवात बसले होते.

म्हणजे पॉडकास्टमध्ये पॉडकास्ट, त्याच्या आत अजून एक. आमच्या भाषेत सांगायचं तर एका फंक्शननं दुसऱ्याला कॉल केलाय, दुसऱ्यानं तिसऱ्याला. युद्धाचा भाग आला की अजून आत जायचं, तिथे संजय धृतराष्ट्राला सांगतोय.

आता जरा डोळे मिटून तो मांडव बघा. मध्ये अग्निकुंड पेटलंय. मंत्र म्हटला की जगभरातले साप ओढले जाऊन त्यात पडतायत. लहान, मोठे, म्हातारे, पिल्लं. आणि यज्ञाच्या मधल्या मोकळ्या वेळात राजा म्हणतो, माझ्या पूर्वजांची गोष्ट सांगा. आपण ज्याला आपलं सगळ्यात मोठं महाकाव्य म्हणतो, ते एका सामूहिक हत्येच्या मधल्या सुट्टीत सांगितलं गेलंय! हे मी नाही म्हणत, ग्रंथच म्हणतो. आपणच ते लक्ष देऊन ऐकत नाही.

हे सत्र का चाललं होतं? जनमेजयाचा बाप परीक्षित. तक्षक नागानं त्याला मारलं. म्हणून सगळे नाग संपवायचे. एका नागानं केलं म्हणून सगळे. साधा हिशोब.

पण तक्षकानं परीक्षिताला का मारलं? तर परीक्षितानं शिकारीत दमल्यावर एका मौन धरलेल्या ऋषीच्या गळ्यात मेलेला साप टाकला. त्या ऋषीच्या मुलानं शाप दिला, सात दिवसांत तक्षक तुला मारेल. ठीक. म्हणजे तक्षक फक्त शाप अमलात आणायला आला होता? की त्याचाही काही जुना हिशोब होता?

इथे कोलटकर येतात.

त्यांच्या कवितेत आधी जनमेजय बोलतो. थोडंच बोलतो. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला फार बोलावं लागत नाही. मग माइक जातो जरत्कारूकडे. ही कोण? वासुकी नागाची बहीण. म्हणजे ज्यांना जाळलं जातंय त्यांच्यातली. महाभारतात ती आहे, पण तिचं काम एवढंच की तिनं जरत्कारू नावाच्याच एका ऋषीशी लग्न करायचं, मुलगा जन्माला घालायचा आणि तो मुलगा पुढे नागांना वाचवणार. नवरा तर लवकरच सोडून जातो. तिला विचारलं कुणी, बाई तुला काय वाटतं? कोलटकरांनी विचारलं. त्यांच्या पुस्तकाचा मोठा भाग म्हणजे ती आपल्या मुलाशी, आस्तीकाशी बोलते ते बोलणं.

आणि ती गोष्ट परीक्षितापासून सुरू करत नाही. ती मागे जाते. खांडववनापर्यंत.

खांडववन आठवतंय? महाभारतात आदिपर्वाच्या शेवटी येतं. अग्नीला भूक लागलीय, त्याला अख्खं रान खायचंय. कृष्ण आणि अर्जुन त्याला मदत करतात. अर्जुनाला गांडीव धनुष्य तिथेच मिळतं. रान चारही बाजूंनी पेटतं, पळणाऱ्या प्राण्यांना पुन्हा आगीत ढकललं जातं. वाचतात किती? मोजून सहा. मय नावाचा असुर, चार शार्ङ्गक पक्षी आणि तक्षकाचा मुलगा अश्वसेन. तक्षक स्वतः त्या दिवशी तिथे नव्हता. त्याची बायको होती. मुलाला वाचवताना ती अर्जुनाच्या बाणानं मेली.

अर्जुनाचा मुलगा अभिमन्यू, त्याचा परीक्षित, त्याचा जनमेजय. आता लावा हिशोब. जनमेजयाच्या अर्जात 'पार्श्वभूमी' सुरू होते तक्षकानं बापाला मारलं तिथून. जरत्कारूच्या अर्जात सुरू होते ती अर्जुनानं तक्षकाची बायको मारली तिथून. दोघंही खोटं बोलत नाहीयेत. फक्त पहिली तारीख वेगळी आहे.

हे वाचलं आणि मी लॅपटॉपकडे बघितलं. तिथे कर्सर लुकलुकत होता.

जरत्कारू त्या रानाबद्दल बोलते तेव्हा फक्त नागांबद्दल बोलत नाही. तिथली झाडं, औषधी वनस्पती, पक्षी, प्राणी आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी माणसं, सगळ्यांचा हिशोब मांडते. आणि विचारते, हे जाळलं कशासाठी? नवी शस्त्रं हातात आली होती, ती वापरून बघायला? यज्ञाला बसलेल्या थोर थोर विद्वानांनाही ती सोडत नाही. इतकी शहाणी माणसं मांडवात बसलीत आणि एकही उठून 'पुरे' म्हणत नाही, याचं तिला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. ही कविता दोन हजारच्या दशकातली आहे हे लक्षात ठेवा. पण तिला कुठलंही एकच साल चिकटवायची गरज नाही. शहरात काही झालं की आपल्या मोबाइलवर पहिला मेसेज काय येतो? 'सुरुवात कुणी केली ते बघा.' आणि मग प्रत्येकाचा व्हिडिओ वेगळ्या सेकंदापासून कापलेला असतो.

आता कुणी म्हणेल, हे काय, आजच्या कवीनं महाकाव्य उलटंपालटं केलं. अशा लोकांना मी म्हणेन, चला, पैठणला जाऊ. आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटर. एकनाथ महाराजांनी 'भावार्थ रामायण' लिहायला घेतलं, ते पूर्ण व्हायच्या आधी गेले आणि त्यांच्या शिष्यानं, गावबानं ते पुरं केलं. वाल्मीकींचं संस्कृत सोडून ओवीत आणलं. ओवी म्हणजे जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडातला छंद. नाथांचा मुलीकडून नातू मुक्तेश्वर. त्यानं महाभारत ओवीत लिहिलं. आज त्याची पाच पर्वं मिळतात, आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक. वर्णनं करताना त्यानं आपल्या काळातलं जग बिनधास्त आत येऊ दिलं. पुढे श्रीधरांनी 'पांडवप्रताप' लिहिला, चौसष्ट अध्यायांचा. माझे आजोबा श्रावणात तो लावायचे. एक ओवी वाचायची, मग अर्थ सांगायचा, आणि अर्थ सांगता सांगता गावातल्या कुणाला तरी टोमणा मारायचा. ती काय भर घालणं नव्हती?

वेरूळला जा. सोळा नंबरचं लेणं, कैलास. आठव्या शतकातलं. मंदिराच्या एका बाजूला भिंतीवर ओळीनं रामायण कोरलंय, दुसऱ्या बाजूला महाभारत आणि कृष्णकथा. आडव्या पट्ट्या, कॉमिकसारख्या. आम्ही शाळेच्या सहलीत त्यासमोर उभं राहून फोटो काढले आणि डबे खाल्ले. आता जाल तेव्हा नीट बघा. ज्या शिल्पकारानं ते कोरलं त्यालाही ठरवावं लागलं असेल की अठरा पर्वांतलं काय घ्यायचं, काय सोडायचं, कुठून सुरू करायचं.

आणि आपण ऐकणारी माणसं आहोत म्हणून अजून एक. १९५५ साली रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर एक मालिका सुरू झाली. 'गीतरामायण'. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. आठवड्याला एक गाणं, एकूण छप्पन्न. आपल्या आजच्या भाषेत छप्पन्न भागांचा सीझन! तिथेही सुरुवात कशी होते? कुश-लव रामाला रामायण गाऊन दाखवतात. ज्याची गोष्ट आहे त्यालाच ती ऐकवायची. गदिमांनी गाण्यांमधून वेगवेगळ्या पात्रांना बोलायला लावलंय. म्हणजे माइक फिरवत राहणं ही परंपराच आहे. कोलटकरांनी वेगळं एवढंच केलं की तो मांडवाबाहेर उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिला.

तेही त्यांनी पहिल्यांदा केलं असं नाही. इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मध्ये खांडववनाचा प्रश्न आहे. इतकं क्रूरपणे रान का जाळलं, हे त्यांनी सरळ विचारलंय. त्या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि आपल्या शहरात तर ही चर्चा त्याच सुमारास रस्त्यावर होती. बाबासाहेबांनी उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय, नागसेनवनाचा परिसर, गंगाधर पानतावणे सरांचं 'अस्मितादर्श' नियतकालिक. दलित कवितेनं एकलव्याला आणि शंबूकाला पुन्हा बोलायला लावलं. ते कवी महाकाव्याला नमस्कार करायला गेले नव्हते, जाब विचारायला गेले होते. आणि बाबासाहेबांनी स्वतः १९५६ साली नागपूरच्या धर्मांतराच्या वेळच्या भाषणात नाग लोकांचा आणि त्यांच्या छळाचा उल्लेख केला होता. म्हणजे सर्पसत्रातले साप हे नुसते साप नसावेत, माणसं असावीत, हे महाराष्ट्रात कोलटकरांच्या किती तरी आधी बोललं गेलंय.

बरं, आता आस्तीकाकडे येऊ, कारण माझा अर्ज तिथे अडला नाही, तिथे सुटला.

आस्तीक यज्ञाच्या मांडवात जातो. कोवळा मुलगा. तो शस्त्र घेऊन जात नाही. राजाची स्तुती करतो, राजा खूश होऊन वर माग म्हणतो, आणि हा म्हणतो, थांबव. तक्षक तोवर आगीच्या वर आकाशात लटकत असतो. तिथेच थांबतो. आईनं मुलाला सूड घ्यायला पाठवलेलं नाही, थांबवायला पाठवलंय.

हे त्यालाच का जमलं? मी विचार करत होतो. आणि मग साधी गोष्ट लक्षात आली. आस्तीक दोन्हीकडचा आहे. आई नाग, बाप माणूस. त्याच्यासाठी मांडवातले लोक पण आपले आणि कुंडात पडणारे पण आपले. ज्याचं एकच घर आहे त्याला एकच सुरुवात दिसते. ज्याची दोन घरं आहेत त्याला दोन दिसतात.

मग मला आजीची नागपंचमीची कहाणी आठवली. तुम्हालाही येत असेल. शेतकरी नांगर धरतो, वारुळातली नागाची पिल्लं मरतात. नागीण चिडते, रात्री येऊन त्याच्या घरातल्या सगळ्यांना डसते. मग आठवतं की याची एक लेक आहे, दुसऱ्या गावी दिलेली. तिलाही मारायचं म्हणून नागीण तिच्या दारात जाते. तर ती पोरगी पाटावर नाग काढून पूजा करत बसलेली. दूध, लाह्या, नैवेद्य. नागिणीचा राग उतरतो. लेकीला कळतं की बापाच्या नांगरानं काय झालं. नागीण तिला अमृत देते, ती माहेरी जाऊन सगळ्यांना उठवते. म्हणून पंचमीला नांगरायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही.

बघा, पुन्हा तेच. नांगर, सूड, सगळं घर. आणि थांबवणारी कोण? सासरी गेलेली लेक. दोन घरांची. जरत्कारूही ऋषीला दिलेली नागाचीच लेक. महाभारतातल्या त्या गोष्टीचा धागा आमच्या आजीच्या तोंडात कवितेशिवाय, पुस्तकाशिवाय टिकून होता आणि मी तो 'गोड गोष्ट' म्हणून सोडून दिला होता.

आमच्या घरात अशी दोन घरांची कोण? माझी आत्या. ती दर पंचमीला माहेरी येते. आणि गेली कित्येक वर्षं, कुणी काही म्हणो, ती दोन्ही घरी जाते. सकाळी आमच्याकडे, दुपारी चुलत्यांकडे. आमच्याकडे तिला यावरून बोलणीही बसलीत. तिचं उत्तर ठरलेलं. "मला कामून अडवता? माझं माहेर वाटून दिलं नव्हतं कुणी. जमीन वाटली होती."

मी अर्ज पाठवला नाही. काकांना सांगितलं, पंचमीपर्यंत थांबू. काका चिडले. ग्रुपवर दोन दिवस माझ्यावरच पोस्टी पडत होत्या. "फार शिकला म्हणून" वगैरे. मांडवात उठून 'पुरे' म्हणणं किती अवघड आहे ते मला तेव्हा कळलं. आणि मी तर काही राजासमोर उभा नव्हतो, आठ-दहा नातेवाइकांच्या ग्रुपवर होतो.

पंचमीला आत्या आली. मी म्हटलं, "दुपारी मी पण येतो तुझ्यासोबत." तिनं माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही, पदर खोचला आणि चालायला लागली. योगायोग म्हणा, चुलतभाऊही पुण्याहून आला होता. सात वर्षांनी समोरासमोर बसलो. पहिली पंधरा मिनिटं लाह्यांवर बोललो. मग तो हसून म्हणाला, "आमच्याकडे पण एक अर्ज तयार आहे बरं का." त्यांची मोटार कुणीतरी जाळली होती, मार्चमध्ये. आमच्या ग्रुपवर मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्यानं मोबाइलवर त्याचा अर्ज दाखवला. त्याची पार्श्वभूमी बांधापासून सुरू होत होती. अगदी नीट लिहिलेली होती. तोही इंजिनिअरच आहे.

सगळं मिटलं असं मी सांगणार नाही. आमचे वडील अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पण आम्ही दोघांनी मिळून एक केलं. मोजणीचा अर्ज, दोन्ही घरांच्या सहीनं, फी अर्धी अर्धी. भूमी अभिलेखवाले कधी येतील ते येतील. त्या अर्जात पार्श्वभूमी नाहीये. फक्त गट नंबर आहेत.

शेवटी अजून एक गोष्ट सांगतो, मग सोडतो तुम्हाला. व्यास त्या मांडवात बसले होते म्हणालो ना? व्यासांचे वडील पराशर. आणि महाभारतातच गोष्ट आहे की पराशरांनीही असंच एक सत्र केलं होतं. राक्षससत्र. त्यांच्या बापाला राक्षसानं खाल्लं होतं, म्हणून सगळे राक्षस जाळायला घेतले होते. मोठ्या ऋषींनी येऊन त्यांना थांबवलं. मग ती पेटलेली आग हिमालयाच्या उत्तरेकडच्या रानात टाकून दिली, आणि ती तिथे अजून धुमसत असते, असं ग्रंथ सांगतो. म्हणजे व्यासांच्या घरातच हा अनुभव होता. तरी पुढच्या पिढीत पुन्हा तोच मांडव, पुन्हा तीच आग. कोलटकरांच्या कवितेच्या शेवटीही यज्ञ संपतो, लोक स्नान करतात, पुन्हा रोजच्या गप्पांना लागतात. आग विझली, असं मात्र ती कविता आपल्याला छातीठोकपणे सांगत नाही.

मला वाटतं, आजचा कवी आणि जुनं महाकाव्य यांचं नातं हेच आहे. आग अजून कुठे धुमसते ते दाखवायला कुणीतरी प्रत्येक पिढीत ती गोष्ट पुन्हा, वेगळ्या तोंडानं सांगावी लागते. नाथांनी सांगितली, मुक्तेश्वरांनी सांगितली, आजीनं सांगितली, कोलटकरांनी सांगितली.

काय वाचायचं म्हणाल तर 'भिजकी वही'पासून सुरू करा, मराठीत आहे. इंग्रजी चालत असेल तर 'सर्प सत्र' एका बैठकीत होतं. आणि 'काळा घोडा पोएम्स'ही बघा. त्यात मुंबईच्या फुटपाथवरचा एक कुत्रा आपलं कूळ युधिष्ठिरासोबत गेलेल्या कुत्र्यापर्यंत नेऊन भिडवतो! गंमत म्हणजे महाभारताच्या अगदी सुरुवातीलाही एक कुत्र्याचं पिल्लू आहे. जनमेजयाच्या भावांनी त्याला काही कारण नसताना मारलं, आणि त्याची आई सरमा जाब विचारायला यज्ञात आली. ती गोष्ट शोधून वाचा. पुढच्या भागात तिच्यावरच बोलू.

तुमच्या घरातली 'पहिली तारीख' कोणती आहे, आणि समोरच्या घरातली कोणती, हे कधी विचारलंय का? विचारलं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. नसेल तर आधी आत्याला फोन करा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.